वाळवंटातील थांबे कोण ठरवते?

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा नकाशा समोर घ्या. नैर्ऋत्येला, कोलोरॅडो नदीच्या काठी, नीडल्स नावाचे गाव सापडेल. तेथून पश्चिमेकडे गेलो की बार्स्टो लागते. या दोन गावांच्या मध्ये मोहावी वाळवंटाचा सुमारे अडीचशे कि.मी.चा पट्टा आहे. १९२६ साली शिकागो ते लॉस एंजलिस असा 'रूट ६६' हा महामार्ग आखला गेला. जवळजवळ ३,९०० कि.मी. लांबीच्या त्या रस्त्याचा सर्वांत कोरडा तुकडा तो हाच. १९८५ साली या रस्त्याचे महामार्ग हे पद काढून घेण्यात आले. तरीही जुन्या रस्त्याचे बरेच तुकडे शाबूत आहेत, आणि मुद्दाम त्यांवरूनच जाणाऱ्या प्रवाशांची संख्या आजही मोठी आहे.

असा प्रवास करणाऱ्याला पहिला प्रश्न पडतो तो थांबायचे कोठे हा. प्रवासाच्या पुस्तकांत उत्तर म्हणून जुन्या खानावळी, पेट्रोल पंप आणि रंगीत पाट्या यांची यादी असते. आम्ही येथे प्रश्न थोडा फिरवून विचारणार आहोत. हे थांबे जेथे आहेत तेथेच का आहेत? दोन थांब्यांमधले अंतर कोणी ठरवले? उत्तर शोधताना आपल्याला उकळणे, बाष्पीभवन, क्षार, पूर अशा शाळेत शिकवल्या जाणाऱ्या बऱ्याच गोष्टींकडे वळावे लागेल. आणि या प्रदेशात उत्तर चुकले तर त्याची किंमत जिवाने द्यावी लागू शकते.

रस्ते येण्यापूर्वी कित्येक पिढ्या येथील मोहावी लोक कोलोरॅडो नदीपासून पॅसिफिकच्या किनाऱ्यापर्यंत व्यापारासाठी पायी जात. त्यांची वाट आजच्या रस्त्याच्या उत्तरेला, डोंगरांच्या पायथ्याने जात होती. ती सरळ नव्हती. एका झऱ्याकडून दुसऱ्या झऱ्याकडे अशी ती वळत जाई. पायूट, रॉक, मार्ल, सोडा ही त्या झऱ्यांची आजची नावे. दोन झऱ्यांमधले अंतर साधारण ३० ते ५० कि.मी., म्हणजे कणखर माणूस एका दिवसात किंवा एका रात्रीत चालेल एवढे. १७७६ साली फ्रान्सिस्को गार्सेस हा स्पॅनिश धर्मोपदेशक आणि १८२६ साली जेडेडाया स्मिथ हा अमेरिकन शिकारी या वाळवंटातून पार झाले ते मोहावी लोकांच्या ज्ञानावर. पुढे १८५७ साली एडवर्ड बील याने या अक्षांशावरून गाडीरस्ता पाहिला तेव्हा भूमध्य समुद्राकाठच्या देशांतून आणलेले उंटही त्याच्याबरोबर होते. उंटांनी काम चोख केले. पण खेचरे आणि खेचरवाले दोघेही त्यांना बिचकत. तो प्रयोग फार टिकला नाही.

थोडक्यात, पहिले थांबे झऱ्यांनी ठरवले. मग आली रेल्वे, आणि हिशेब बदलला.

इंजिनाची तहान

वाफेच्या इंजिनाला फार चढ चालत नाही. म्हणून १८८२-८३ मध्ये रूळ टाकताना डोंगराच्या पायथ्याची झऱ्यांची वाट सोडून दक्षिणेची सखल वाट धरण्यात आली. चढ वाचला, पण पाणी गेले. मार्ग आखणारा अभियंता लुईस किंगमन याने ठाण्यांना चक्क वर्णाक्षरांच्या क्रमाने नावे दिली. इंग्रजी वर्णमाला मनात ठेवून वाचा : अँबॉय, ब्रिस्टल, कॅडिझ, डॅन्बी, एडसन (पुढे याचे एसेक्स झाले), फेनर, गॉफ्स. जेथे आधी गाव नव्हते, ओढा नव्हता, म्हणून जुने नावही हाताशी नव्हते, तेथेच अशी नावे देणे शक्य होते. शेजारच्या ॲरिझोना राज्यातील किंगमन हे शहर याच अभियंत्याच्या नावाचे.

वाफेचे इंजिन पाणी का पिते, हे विद्यार्थ्यांना विचारून पाहावे. पुष्कळांना वाटते की बॉयलरमधले पाणी आत फिरत राहते. तसे नसते. सिलिंडरमधून काम करून बाहेर पडलेली वाफ धुराड्यावाटे हवेत सोडून दिली जाते. 'फक् फक्' हा आवाज त्याचाच. त्यामुळे इंजिन सतत पाणी खर्च करते. मोठ्या इंजिनांच्या मागे ५० हजार लिटरहून अधिक पाण्याची टाकी असे, आणि तीही पुन्हा पुन्हा भरावी लागे. वाळवंटात मिळणारे पाणी बहुधा क्षारयुक्त. ते बॉयलरमध्ये उकळले की क्षार मागे राहतात, नळ्यांवर त्यांचा थर चढतो, उष्णता नीट पोचत नाही आणि नळ्या फाटण्याचा धोका निर्माण होतो. चहाच्या भांड्यात बसणाऱ्या पांढऱ्या थराचाच हा मोठा भाऊ. म्हणून लडलो, अँबॉय अशा ठाण्यांना बार्स्टोच्या बाजूच्या न्यूबेरी येथील झऱ्यांचे गोडे पाणी रेल्वेच्या टाकी-वाघिणींतून येत असे. म्हणजे पाण्यावर चालणारी गाडी पाणी वाहून नेण्यासाठीच धावत होती! सांता फे रेल्वेने १९४० च्या दशकात इतरांच्या आधी डिझेल इंजिनांचा मोठ्या प्रमाणावर स्वीकार केला, त्याचे एक ठळक कारण हा पाण्याचा खर्च होते.

अँबॉयजवळच बॅग्डॅड नावाचे ठाणे होते. आज तेथे काहीही उरलेले नाही. पण हवामानाच्या नोंदवहीत त्याचे नाव राहिले आहे : ३ ऑक्टोबर १९१२ पासून ८ नोव्हेंबर १९१४ पर्यंत, सलग ७६७ दिवस, तेथे पावसाची नोंद झाली नाही.

सखल जागी पाणी का नाही?

आपल्याकडे विहीर खोदायची तर माणूस सखल जागा शोधतो. ओढ्याकाठी पाणी लागण्याची शक्यता जास्त, हे शेतकऱ्याच्या पोरालाही माहीत असते. मोहावीत हा अनुभव नेमका उलटा ठरतो. अँबॉय हे एका मोठ्या खोलगट भागाच्या तळाशी, समुद्रसपाटीपासून सुमारे १९५ मीटर उंचीवर आहे. त्याच्या शेजारी ब्रिस्टल नावाचे कोरडे सरोवर आहे. भोवतालच्या डोंगरांवरचे पाणी जमिनीवरून आणि जमिनीखालून येथेच येते. परंतु येथून समुद्राकडे वाट नाही. आलेले पाणी फक्त वर जाऊ शकते, म्हणजे वाफ होऊन. क्षार मात्र उडून जात नाहीत. हजारो वर्षे हे चालले की तळाशी खारट चिखल आणि त्याखाली अतिखारट पाणी उरते. ब्रिस्टलमध्ये चर खणून मीठ आणि कॅल्शियम क्लोराइड काढले जाते. लोणारचे सरोवर खारे का, याचे उत्तरही बाहेर जाणाऱ्या वाटेच्या अभावातच आहे.

गोडे पाणी मिळते ते उतारावर, जेथे ते अजून तळापर्यंत पोचलेले नाही. एसेक्स हे गाव साडेपाचशे मीटर उंचीवर, अशा उतारावर वसले आहे. रूट ६६ च्या भरभराटीच्या काळात मोटारचालकांच्या संघटनेने केलेली विहीर तेथे होती आणि प्रवाशांना पाणी फुकट मिळे. इतर काही ठिकाणी पाण्याचे पैसे पडत. ज्याच्याकडे नकाशावरील उंचीच्या रेषा वाचण्याची नजर आहे त्याला हा फरक वाळवंटात पाऊल न टाकताही ओळखता येईल. भूगोलाच्या तासाला हा चांगला प्रश्न होईल.

अँबॉयच्या पश्चिमेला एक काळा, माथा कापलेला शंकू दिसतो. तो सुमारे ७५ मीटर उंचीचा ज्वालामुखी आहे आणि भोवतालचा काळा दगड बेसाल्ट आहे, म्हणजे सह्याद्रीचाच जातभाई. फरक वयाचा : सह्याद्रीचा बेसाल्ट साडेसहा कोटी वर्षांचा, हा सुमारे ८० हजार वर्षांचा. चढायचे तर हिवाळ्यात आणि सकाळी. उन्हाळ्यात या काळ्या दगडावर माणसे दगावली आहेत.

मोटारीची अडचण

रेल्वेला लागून रस्ता झाला, कारण पाणी, तारायंत्र आणि माणसे रुळांकाठीच होती. मोटारीला पाणी कमी लागते, पण लागते. पेट्रोलच्या ज्वलनातून निघणाऱ्या उष्णतेचा मोठा भाग पाण्याने उचलून रेडिएटरमध्ये नेऊन हवेला द्यायचा असतो. ही देवाणघेवाण पाणी आणि हवा यांच्या तापमानांतील फरकावर अवलंबून असते. जुन्या मोटारींचे रेडिएटर हवेला खुले असत, म्हणून पाण्याचे तापमान उत्कलनबिंदूच्या वर जाऊ शकत नसे. समुद्रसपाटीला तो १०० अंश सें. दर ३०० मीटरना तो साधारण एका अंशाने उतरतो.

आता ॲरिझोनातील सिटग्रीव्ह्ज खिंड पाहू. नीडल्सच्या पूर्वेला, ओटमन गावाच्या वर, सुमारे १,०८० मीटर उंचीवर ही खिंड आहे. रूट ६६ १९५२ सालापर्यंत या नागमोडी घाटातून जात असे. येथे पाणी ९६ अंशांच्या आसपास उकळते. थंड दिवशी हवा २५ अंश असेल तर फरक ७१ अंशांचा. उन्हाळ्यात हवा ४६ अंश झाली की फरक ५० वर येतो. म्हणजे रेडिएटरची उष्णता फेकण्याची क्षमता तीस टक्क्यांनी घटली, आणि नेमकी चढावर, जेथे इंजिन सर्वांत जास्त तापते आणि गाडी हळू चालत असल्याने समोरून वाराही कमी लागतो. रेडिएटरमधून वाफ न आली तरच नवल. फोर्डच्या मॉडेल टी गाडीला तर पाणी फिरवणारा पंपही नव्हता. गरम पाणी वर आणि गार पाणी खाली या अभिसरणावरच ती चाले. शिवाय तिची पेट्रोलची टाकी बैठकीखाली असे आणि पेट्रोल केवळ गुरुत्वाने इंजिनात उतरे. टाकी अर्धवट भरलेली असताना तीव्र चढावर इंजिन टाकीपेक्षा उंच होई आणि पेट्रोल पोचत नसे. उपाय काय? गाडी वळवून उलट्या गिअरमध्ये, पाठमोरी घाट चढवायची. अनेकांनी ओटमनचा घाट असा पार केला. ज्यांना धीर नव्हता ते पैसे देऊन गाडी ओढून घेत.

पुढे रेडिएटरला दाबाचे झाकण आले. प्रेशर कुकरमध्ये वातावरणापेक्षा सुमारे एक बार दाब वाढवला की पाणी १२० अंशांच्या आसपास उकळते. आधुनिक मोटारीच्या रेडिएटरमध्येही जवळपास तेवढाच दाब ठेवतात. पुन्हा वजाबाकी करा : १२० वजा ४६, म्हणजे ७४. वाळवंटाने हिरावून घेतलेला फरक एका झाकणाने परत दिला! (म्हणूनच तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये. दाब सुटला की आतले पाणी क्षणात उकळून अंगावर येते.) एवढे होऊनही कॅलिफोर्नियाच्या वाळवंटी घाटांत 'वातानुकूलन बंद करा' अशा पाट्या रस्त्याकडेला दिसतात. वातानुकूलन यंत्र इंजिनावर भार टाकते आणि आपली उष्णता रेडिएटरच्या पुढ्यातच सोडते.

जुन्या छायाचित्रांत मोटारींच्या पुढच्या बाजूला जाड कापडाची पिशवी लटकलेली दिसते. ती पाण्याची. कापडातून झिरपणारे पाणी वाऱ्याने उडते आणि आतले पाणी गार राहते. आपला माठच हा. हवा ४५ अंश आणि सापेक्ष आर्द्रता १० टक्के असेल तर बाष्पीभवनाने तापमान जवळजवळ २१ अंशांपर्यंत उतरू शकते. नागपूरचा कूलर ज्या कारणाने चालतो आणि मुंबईत चालत नाही, ते हेच कारण.

प्रवाशाचे शरीर

नीडल्सला जुलैत रोजच्या कमाल तापमानाची सरासरी ४२ अंशांच्या पुढे असते. हवा त्वचेपेक्षा गरम झाली की शरीराला उष्णता बाहेर टाकण्याचा एकच मार्ग उरतो : घाम. एक लिटर घाम पूर्ण उडाला तर सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता जाते. स्वस्थ बसलेला माणूस सुमारे १०० वॉट उष्णता निर्माण करतो. ऊन, तापलेली जमीन आणि गरम हवा मिळून आणखी अडीचशे वॉट धरू. ताशी १,२६० किलोज्यूल झाले, म्हणजे अर्धा लिटर पाणी. चालू लागलो तर ताशी पाऊण ते एक लिटर. हे आकडे ढोबळ आहेत, पण निर्णय घ्यायला पुरेसे आहेत.

समजा अँबॉयच्या १८ कि.मी. अलीकडे गाडी बंद पडली आणि हाताशी एक लिटर पाणी आहे. चालत जायचे तर साडेचार तास आणि सुमारे चार लिटर घाम. तीन लिटरची तूट, म्हणजे ६० किलोच्या माणसाच्या वजनाचे पाच टक्के. या टप्प्यावर डोके दुखते, पाय अडखळतात आणि, सर्वांत वाईट म्हणजे, विचारशक्ती मंदावते. गाडीच्या सावलीत बसून राहिले तर त्याच वेळात याच्या निम्म्याहूनही कमी पाणी जाते. शिवाय शोधणाऱ्याला माणसापेक्षा गाडी आधी दिसते. सावलीत बसताना उघड्या जमिनीवर टेकू नये. जमीन ६५ अंशांच्या वर गेलेली असू शकते.

दुसऱ्या महायुद्धात, १९४२ ते १९४४, अमेरिकन सैन्याचे वाळवंटी प्रशिक्षण याच परिसरात चाले. एसेक्सजवळ आणि नीडल्सजवळ छावण्या होत्या. सवयीने माणसाला कमी पाण्यावर राहता येते, असा समज तेव्हा पक्का होता. रॉचेस्टर विद्यापीठाच्या एडवर्ड ॲडॉल्फ आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात सैनिकांची वजने, घाम आणि तापमाने मोजली. १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकाने तो समज मोडीत काढला. पाणी कमी प्यायल्याने घाम कमी होत नाही. फक्त तूट लवकर वाढते. दुसरा निष्कर्ष अधिक धक्कादायक होता : पाणी समोर असूनही माणसे गमावलेल्यापेक्षा कमीच पितात. तहान उशिरा लागते आणि लवकर भागते. आमच्या मते शाळेतील सहलीसाठीही हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. 'तहान लागेल तेव्हा प्या' एवढे सांगणे पुरत नाही.

पाणी असूनही

आतापर्यंत आपण निसर्गाने ठरवलेल्या अंतरांविषयी बोललो. पण रूट ६६ वर सर्वांना सारखेच थांबे उपलब्ध नव्हते. कृष्णवर्णीय प्रवाशांना अनेक खानावळी, मोटेल, अगदी पेट्रोल पंपावरचे स्वच्छतागृहदेखील नाकारले जाई. सूर्यास्तानंतर कृष्णवर्णीयांनी दिसता कामा नये असा दंडक असलेली गावे या रस्त्यावर होती. त्यामुळे त्यांना जास्त पाणी, जास्त पेट्रोल आणि घरचे जेवण बरोबर घेऊन दोन सुरक्षित ठिकाणांमधले अंतर कापावे लागे. व्हिक्टर ग्रीन या टपाल कर्मचाऱ्याने १९३६ पासून 'ग्रीन बुक' ही मार्गदर्शिका काढली, ती अशा प्रवाशांसाठी. त्याच वर्षी, दुष्काळ आणि धुळीच्या वादळांनी देशोधडीला लागलेल्या शेतकऱ्यांना अडवण्यासाठी लॉस एंजलिसच्या पोलिसांनी राज्याच्या सीमेवर काही आठवडे पहारे बसवले होते. मराठी वाचकाला याचे फार नवल वाटू नये. १९०१ साली मसूर स्थानकावरून कोरेगावला बैलगाडीने निघालेल्या लहानग्या भीमराव आंबेडकरांना आणि त्यांच्या भावंडांना वाटेत प्यायला पाणी मिळाले नाही, ते काही पाऊस न पडल्यामुळे नव्हे.

आजची आखणी

नवा महामार्ग १९७३ च्या सुमारास अँबॉयच्या उत्तरेकडून गेला आणि जुने थांबे जवळजवळ एका रात्रीत अनावश्यक झाले. गॉफ्सवर ही वेळ आधीच, १९३१ साली, रस्ता सरळ केल्यामुळे आली होती. तेथील १९१४ सालची छोटी शाळा दुरुस्त करून जपली आहे. शिक्षकांनी ती पाहावीच. आता ठरवून थांबायचे झाले तर ऑक्टोबर ते एप्रिल हा काळ निवडावा, नीडल्सहून पहाटे निघावे, गॉफ्स, मग अँबॉय आणि ज्वालामुखी दहाच्या आत, आणि दुपारी लडलोला असावे. नीडल्सला टाकी पूर्ण भरावी. मधल्या गावी पेट्रोल मिळेल असे धरून चालू नये. माणशी निदान दहा लिटर पाणी, एक कागदी नकाशा, आणि आपण केव्हा पोचणार हे कोणाला तरी सांगून ठेवलेले.

रस्ता उघडा आहे का, हे निघण्यापूर्वी विचारावे लागते, आणि याचे कारण गमतीदार आहे : पूर. हा रस्ता डोंगरउताराला आडवा जातो. उन्हाळ्याच्या अखेरीस डोंगरावर तासाभरात पडलेला पाऊस कठीण, उघड्या जमिनीत मुरत नाही. तो रस्त्यावर चालून येतो. त्यासाठी जुन्या अभियंत्यांनी शंभराहून अधिक लहान लाकडी पूल बांधले आणि रस्त्याच्या वरच्या अंगाला मातीचे तिरपे बांध घातले, जेणेकरून पाणी पुलाखालीच वळावे. २०१४ च्या पुराने यांतील काही पुलांचे बरेच नुकसान केले आणि रस्त्याचे भाग बंद ठेवावे लागले. बांधांवर प्रवाशांनी दगड मांडून लिहिलेली आपली नावे मैलोन् मैल दिसतात.

विजेच्या मोटारीने जाणाऱ्यांसाठी थांब्यांचा हिशेब पुन्हा नव्याने मांडावा लागेल. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना हे गणित देता येईल. नीडल्सची उंची सुमारे १५० मीटर, गॉफ्सची ७९०. गाडीचे वस्तुमान २,००० किलो असेल तर केवळ वर चढण्यासाठी १.२५ कोटी ज्यूल, म्हणजे साडेतीन युनिट वीज लागेल. सपाटीवर ५० कि.मी.ला साधारण नऊ युनिट लागत असतील तर चढाने खर्च चाळीस टक्क्यांच्या आसपास वाढवला. गॉफ्सपासून अँबॉयपर्यंत उतार आहे आणि ब्रेक लावताना यातील काही वीज परत बॅटरीत येते. पण अँबॉयहून लडलोपर्यंतच्या ४५ कि.मी.त पुन्हा ३५० मीटर चढायचे आहे, आणि तोवर ऊन वर आलेले असेल.